केक-पावाचीं भांडीं आणि स्वयंपाकघराची शिस्त

स्वयंपाकघराचा इतिहास म्हटला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें पक्वान्नांचा इतिहास उभा राहतो. परंतु पक्वान्न तयार झाल्यावर भांडीं कोठें ठेवावयाचीं, ह्या साध्या प्रश्नासही इतिहास आहे आणि त्यांत स्त्रियांच्या श्रमांचा हिशेब दडलेला आहे. केक, पाव व बिस्किटें भाजण्याच्या पात्रांचा तर स्वभावच अडचणीचा. पसरट पत्रे, खोलगट साचे, मध्यें पोकळ असलेलीं कंकणाकृति पात्रें, ह्या सर्वांची मडक्यांसारखी एकच उतरंड रचतां येत नाहीं.

इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत पेटवर्थ हाऊस नांवाचा जुना वाडा आहे. तेथील मुदपाकखान्यांत तांब्याचीं हजाराहून अधिक भांडीं व साचे आहेत. तांब्यास आंतून कल्हई हवी, बाहेरून घासणें हवें. परंतु त्यासाठीं नोकरचाकरांचा ताफा होता. जेथें राबणारे हात पुष्कळ, तेथें भांड्यांच्या जागेचा प्रश्न घरधनिणीस सतावीत नसे.

तो सतावूं लागला तो जेथें गृहिणीस एकटीनें सर्व करावें लागे तेथें. अमेरिकेंतील शिक्षिका कॅथरीन बीचर ह्यांनीं १८४१ सालीं गृहव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. पुढें १८६९ सालीं भगिनी हॅरिएट बीचर स्टो ह्यांच्यासह त्यांनीं 'दि अमेरिकन वुमन्स होम' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. आगबोटीवरील आचारी चिमुकल्या खोलींत दोनशें माणसांचें रांधतो, मग घरांतच एवढी धांवपळ कां, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. कणीक मळण्याच्या फळीशेजारींच त्यांनीं पिठाचें पीप ठेवविलें. जी वस्तु ज्या कामास लागते ती त्या कामाच्या जागींच असावी, हें त्यांचें सूत्र होय.

१८९८ सालीं इंडियाना राज्यांत स्थापन झालेल्या हूझियर कंपनीनें हेंच सूत्र एका कपाटांत बसविलें. वर चाळणीसह पिठाची कोठी, साखरेचा डबा व मसाल्यांच्या बरण्या. मध्यें पुढें ओढतां येणारी कामाची फळी. खालीं पावासाठीं पत्र्याचें अस्तर लावलेला खण आणि पात्रांसाठीं कप्पे. पुढें क्रिस्टीन फ्रेडरिक ह्या बाईंनीं कारखान्यांतील कामाच्या मोजमापाची टेलरप्रणीत पद्धति घरांत आणली. गृहिणीचें पाऊल न् पाऊल मोजून मांडणी ठरवावी, असें त्यांनीं १९१३ सालच्या आपल्या पुस्तकांत प्रतिपादिलें.

पसरट पत्रे एकावर एक आडवे रचले म्हणजे खालचा काढतांना वरचे सर्व उचलावे लागतात. म्हणून ते ग्रंथालयांतील पुस्तकांप्रमाणें उभे ठेवण्याचे अरुंद कप्पे आले. १९१५ सालीं कॉर्निंग कारखान्यानें पायरेक्स कांचेचीं पात्रें विक्रीस आणलीं. हीं पात्रें भट्टींतून काढून तशींच मेजावर मांडतां येत. त्यामुळें वाढावयाच्या निराळ्या भांड्याची जागाही वांचली.

ह्या विचाराचा कळस जर्मनींत झाला. फ्रँकफुर्ट शहरांतील नव्या वसाहतींसाठीं मार्गारेटे लिहोट्स्की ह्या वास्तुविशारद स्त्रीनें १९२६ सालीं सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असें स्वयंपाकघर रेखिलें. आगगाडीच्या भोजन-डब्याचें स्वयंपाकघर हा त्यांचा एक आदर्श होता. जिन्नसांसाठीं नांवें घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण होते. पिठाचा खण मात्र कीड लागूं नये म्हणून ओकच्या लाकडाचा. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. त्यापूर्वीं आपण कधीं घर चालविलें नव्हतें, रांधलेंही नव्हतें, असें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें, हें विशेष!

ह्या योजनेनें पावलें वांचलीं, वेळ वांचला. परंतु त्या अरुंद खोलींत दुसऱ्या माणसास मदतीसाठीं उभें राहावयास जागा उरली नाहीं, आणि गृहिणी एकाकी पडली, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला. आणि तो निराधार नव्हता. कोणतें पात्र कोणत्या कप्प्यांत ठेवावें, ह्याचें उत्तर बीचरबाईंपासून आजवर पुष्कळांनीं दिलें. तें घासून, पुसून परत जागेवर कोणीं ठेवावयाचें, हें मात्र कोणत्याही कपाटास ठरवितां आलेलें नाहीं. तें घरांतील माणसांनींच ठरवावयाचें आहे.