बरणीतली लेक

कुठल्याही आंबट पदार्थाला इतिहासात शिरायचं म्हटलं, की एक राजा लागतो आणि तो आजारी असावा लागतो. कोंबुचाचंही तेच. कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय. इ.स. ४१४ मध्ये म्हणे कोम्बू नावाच्या कोरियन वैद्याने ते जपानच्या सम्राटाला पाजलं आणि सम्राट खडखडीत बरे झाले! दंतकथाच ती. खुद्द जपानात कोंबुचा मागितलात, तर समुद्रशेवाळाचा खारट काढा पुढ्यात येतो. आपल्या या पेयाला तिथे 'कोचा किनोको', म्हणजे चहाची अळंबी म्हणतात. रशियनही तेच म्हणतात. गंमत अशी, की ती अळंबी नाहीच!

चहावर तरंगणारी ती बुळबुळीत चकती म्हणजे जिवाणू आणि यीस्ट यांचं एकत्र कुटुंब. १८८६ साली एड्रियन ब्राऊन या इंग्रज शास्त्रज्ञाने व्हिनेगरवरची असलीच साय तपासली. एक जिवाणू ती विणतो आणि ती सेल्युलोजची, म्हणजे कापूस ज्याचा असतो त्याचीच असते, असं त्याला आढळलं. १९१३ साली लिंडाऊ या जर्मन पंडिताने चहातल्या चकतीला जेलीफिशवरून भारदस्त नाव दिलं आणि तिला बुरशीत बसवलं. चकतीने मनावर घेतलं नाही.

आमच्या घरी ही चकती आल्यावर मी तिला सफरचंदाच्या रसात सोडायचं ठरवलं. रसाच्या दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम साखर आयतीच असते. यीस्ट त्या साखरेचा अल्कोहोल करतं आणि जिवाणू हवा खाऊन त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. वेळीच गाळलं तर आंबटगोड पेय, विसरलं तर व्हिनेगर. म्हणून बरणीला झाकण नको, फडकं हवं. आणि रस टिकाऊ औषधं न घातलेला हवा, नाहीतर यीस्ट संपावर जातं.

हे सगळं मी घरात वाचून दाखवलं. सौ. म्हणाली, "अहो, पण अर्धी चकती चहातच राहू द्या. रसात नाही जगली, तर परत विरजायला काय घ्याल?"

हा नियम तिने कुठल्या ग्रंथात वाचला नव्हता. तिच्या आईने कवडीभर विरजण नेहमी बाजूला ठेवलं, तिच्याही आईने ठेवलं. सोव्हिएत काळात रशियात घरोघरी स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन लिटरची बरणी असे. आईच्या अंगावर नवी लेक धरली, की ती सोलून शेजारणीला द्यायची. चकती जगली ती या देण्याघेण्यावर. राजाचं नाव राहिलं, पंडितांची राहिली. बरणी सांभाळणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नाही.

चौथ्या दिवशी रसावर पातळ साय धरली. दहाव्या दिवशी शेजारच्या काकू तिचा तुकडा वाटीतून घेऊन गेल्या. वाटी अजून यायची आहे.