ललिताजींचा हिशेब

आमच्या घरी कपडे धुण्याच्या दोन पावडरी असायच्या. एक मोरीच्या वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात. ती शाळेचा गणवेश, बाबांचे ऑफिसचे शर्ट आणि आईच्या चांगल्या साड्यांसाठी. दुसरी खाली बादलीजवळ, प्लास्टिकच्या पिशवीत. ती चादरी, पायपुसणी, गाऊन आणि उरलेल्या सगळ्यासाठी. एकदा मी खालच्या पावडरीत गणवेश भिजवला, तर आई ओरडली.

“का? तिच्याने मळ निघत नाही का?” मी विचारलं.

“निघतो गं, पण...”

ते ‘पण’ कधी पुरं झालं नाही. महाग पावडर खरंच जास्त चांगली धुते का, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. पुढे कळलं, की हाच प्रश्न १९८०च्या दशकात देशातल्या घराघरांत, टीव्हीच्या पडद्यावरून आणि वाण्याच्या दुकानातून विचारला जात होता. त्याचं उत्तर द्यायला खुद्द ललिताजी आल्या होत्या.

तेरा रुपये विरुद्ध तीन रुपये

१९५९मध्ये हिंदुस्तान लिव्हरने सर्फ भारतात आणलं. तोवर धुणं म्हणजे साबणाची वडी, दगड आणि मनगट. श्रीमंतांकडे धोबी. पावडर पाण्यात विरघळवायची, कपडे बादलीत भिजत घालायचे आणि मग धुवायचे, ही सवय या नव्या पावडरींनी लावली. पण ती परवडायची थोड्या घरांना. बाकीचे लोक वडीवरच होते.

१९६९मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल या रसायनशास्त्राच्या पदवीधराने घराच्या मागच्या अंगणात पावडर बनवायला सुरुवात केली. ते गुजरात सरकारच्या खाण आणि भूगर्भ खात्यात नोकरीला होते. पावडरीला त्यांनी मुलीचं, निरुपमाचं नाव दिलं: निरमा. नोकरीला जाता-येता सायकलवरून ते दारोदार पुड्या विकत. भाव किलोला तीन रुपये. सर्फचा तेव्हाचा भाव साधारण तेरा रुपये सांगितला जातो.

इतकी स्वस्त कशी? मोठ्या कंपन्यांची पावडर बनायची उंच मनोऱ्यात. वरून पातळ लगदा फवारायचा, खालून गरम हवा सोडायची, की हलके, पोकळ, चटकन विरघळणारे दाणे तयार. असा मनोरा उभा करायला भांडवल लागतं, चालवायला इंधन. पटेलांनी सरळ कोरडं मिश्रण केलं. मळ काढणारं आम्ल धुण्याच्या सोड्यात मिसळायचं, ढवळायचं, चाळायचं, पुडीत भरायचं. यंत्र नको, वीज नको. लघुउद्योगाला अबकारी करात सवलत होती. महागडे सुवास आणि शुभ्रता वाढवणारी द्रव्यंही नव्हती. दहा रुपयांच्या फरकात धुण्याची ताकद होतीच, पण मनोरा, कर, वास, डबा आणि जाहिरातही होती.

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पिवळी पावडर खपात सर्फच्या पुढे गेली. तेव्हा लिंटास या जाहिरात संस्थेच्या अलेक पदमसींनी ललिताजींना बोलावलं. निळ्या काठाची पांढरी साडी, कपाळाला टिकली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी ठाम बाई. ही व्यक्तिरेखा आपल्या आईवरून सुचली, असं पदमसी सांगत. भूमिका केली कविता चौधरी यांनी. ‘उडान’ मालिकेतल्या पोलीस अधिकारी त्याच.

ललिताजींचं म्हणणं असं होतं, की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. आणि पुरावा म्हणून त्या एक माप देत: अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर.

इथे थांबून हिशेब करू. सुरुवातीचेच भाव धरू. अर्धा किलो सर्फ साडेसहा रुपयांना. तेवढंच काम करणारी एक किलो निरमा तीन रुपयांना. म्हणजे ललिताजींचं माप शंभर टक्के खरं मानलं, तरी स्वस्त पावडर निम्म्याहून कमी पैशांत तेच काम करते! दुप्पट कामाला चौपटीहून जास्त दाम. पुढे दोन्हींचे भाव वाढले, तरी किमतीतली दरी मोठीच राहिली. वाण्याकडे उभ्या असलेल्या बाईला हे गणित शिकवावं लागलं नाही. तिने ललिताजींचं कौतुक केलं आणि पिशवीत निरमा टाकली.

तरीही जाहिरातीने एक गोष्ट बरोबर शिकवली. किलोच्या भावाने पावडर तोलू नका, एका बादलीला किती लागते त्यावर तोला. चाचणीची पहिली पायरी हीच.

डाग कोणता, पाणी कोणतं?

प्रयोगशाळेत ही चाचणी कशी होते? आधी सारखाच मळ लावलेले कापडाचे तुकडे घेतात. असे तयार तुकडे विकत मिळतात. छोट्या भांड्यांच्या यंत्रात ते ठरावीक पाण्यात, ठरावीक वेळ घुसळतात. मग धुण्याआधी आणि धुतल्यावर कापडावरून किती उजेड परत येतो, हे मोजतात.

इथेच डोळ्यांची फसगत होते. अनेक पावडरींत कापडाला चिकटून राहणारी चमक-द्रव्यं असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. पबमधल्या जांभळ्या दिव्याखाली तुमचा पांढरा शर्ट चमकतो, तो यामुळेच. आजीची नीळ पिवळेपणा झाकायची, ही द्रव्यं वर उजेडही देतात. शर्ट शुभ्र दिसतो, मळ निघालेला असेलच असं नाही. म्हणून नीट चाचणीत अतिनील किरण गाळून पुन्हा मोजतात.

शुभ्रतेचं हे भांडण कोर्टातही गेलं. २०१०मध्ये रिनच्या जाहिरातीत टाइड नॅचरल्सचा पुडा नाव घेऊन दाखवला आणि रिनची शुभ्रता जास्त असल्याचा दावा केला. टाइडवाले कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि त्या जाहिरातीला मनाई मिळाली. वाद कोण जास्त पांढरं करतं याचा होता. कोण जास्त मळ काढतं, हा प्रश्न वेगळाच.

फेसाचंही तसंच. फेस म्हणजे ताकद, हे आपल्या हाताला पटलेलं आहे. पण फेस मळ काढत नाही. मळ काढतात पाण्यात विरघळलेले रेणू. त्यांचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला. फेस जेमतेम न येताही ते काम करतात. समोरून उघडणाऱ्या मशीनसाठीच्या पावडरीत तर फेस मुद्दाम कमी ठेवतात.

मग महाग पावडरीत जास्तीचं असतं काय? मुख्यतः दोन गोष्टी. पहिली, पाण्यातला जडपणा आवरणारी द्रव्यं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. सोडाही ते पकडतो, पण त्याचा खडूसारखा साका बनतो आणि थोडाथोडा कापडात बसतो. पहिल्या धुण्यात काही कळत नाही. वीस-पंचवीस धुण्यांनंतर टॉवेल खरखरीत होतो आणि पांढरा शर्ट करडा पडतो. आईचं ‘पण’ बहुधा इथे होतं. तिने एका बादलीची चाचणी केली नव्हती, अख्ख्या शैक्षणिक वर्षाची केली होती.

दुसरी गोष्ट एन्झाइम. ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातली पाचकद्रव्यं धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं. पोट जेवण पचवतं, तसा डाग पचवायचा. रक्त, दूध, अंडं, वरण यांचे डाग प्रथिनांचे असतात. त्यांवर एन्झाइम खरोखर काम करतात, फक्त त्यांना भिजायला वेळ द्यावा लागतो. मासिक पाळीच्या डागांवर साधा सोडा आणि एन्झाइमची पावडर यांत फरक दिसतो, तो या कारणाने.

पण आपल्या घरातला खरा हट्टी डाग हळदीचा. पावडर लागताच तो लाल होतो, कारण हळदीतला रंग क्षारात लाल पडतो. तेरा रुपयांच्या पावडरीतही लाल आणि तीन रुपयांच्या पावडरीतही लाल. तो जातो उन्हात. हळदीचा रंग उजेडात विरतो, म्हणून दोरीवरचं ऊन त्या डागाला दोन्ही पावडरींपेक्षा भारी पडतं, तेही फुकट. तेव्हा ‘कोणती पावडर चांगली?’ या प्रश्नाला ‘कोणत्या डागाला, कोणत्या पाण्यात?’ हा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर नाही.

डाग गेला, कापडही गेलं

जास्त ताकद म्हणजे जास्त चांगलं, हा समज युरोपात एका कंपनीला फार महागात पडला. गोष्ट सर्फच्याच घराण्यातली आहे. १९९४मध्ये युनिलिव्हरने ब्रिटनमध्ये ‘पर्सिल पॉवर’ आणि नेदरलँड्समध्ये ‘ओमो पॉवर’ ही नवी पावडर गाजावाजा करून आणली. तिच्यात मँगनीजचं एक प्रवेगक द्रव्य होतं, डाग झपाट्याने घालवणारं. डाग जात होते, पण काही रंगांच्या कापडांवर तेच द्रव्य धागेही खात होतं. प्रतिस्पर्धी प्रॉक्टर अँड गॅम्बलने पुन्हा पुन्हा धुऊन विरलेल्या कपड्यांचे फोटो वर्तमानपत्रांना दिले. युनिलिव्हरने आधी आरोप फेटाळले, मग द्रव्याचं प्रमाण घटवलं, आणि १९९५च्या सुरुवातीला माघार घेतली.

कंपनीची चाचणी खोटी नव्हती. ती अपुरी होती. तिने डागाला विचारलं, कापडाला पुरेसं विचारलं नाही.

चौथा वाटा कुणाचा?

आपल्याकडच्या चाचणीत कुणाला विचारायचं राहिलं? सर्फ भारतात आलं त्याच साली, १९५९मध्ये, जर्मनीत हेन्केल कंपनीच्या हर्बर्ट सिनर यांनी धुण्याचं एक साधं सूत्र मांडलं. कपडा स्वच्छ व्हायला चार गोष्टी लागतात: रसायन, उष्णता, वेळ आणि घासणं-आपटणं. एक कमी केली, तर उरलेल्या वाढवाव्या लागतात. बेरीज तेवढीच राहते.

हे सूत्र आपल्या मोरीत आणून बघा. पाणी थंड, म्हणजे उष्णतेचा वाटा गेला. नळ तासभरच, म्हणजे भिजवायला वेळ कमी. पावडर स्वस्त, म्हणजे रसायनही बेताचं. उरलं काय? घासणं. ब्रश, दगड, पिळणं, आणि ते करणारी मनगटं. पावडरीवर वाचलेले पैसे कुणीतरी हाताने फेडत असतं. त्यात सोड्याचं प्रमाण जास्त असेल तर तो कातडीवरचं तेलही काढून घेतो. बोटांची सालं निघतात, भेगा पडतात, मिरची कापताना झोंबतं.

बाजाराला हे माहीत होतं. हिंदुस्तान लिव्हरने शेवटी १९८७मध्ये निरमाच्या तोडीस स्वतःची स्वस्त पावडर आणली, व्हील. स्वस्त आणि चांगलं यांतला फरक सांगणाऱ्या कंपनीलाच स्वस्त वस्तू बनवावी लागली. आणि तिच्या जाहिरातीत मुद्दा काय होता? हातांची जळजळ. ज्या हातांचा रकाना ललिताजींच्या हिशेबात नव्हता, तो इथे आला, पण विक्रीसाठी.

त्या हिशेबात हा रकाना घातला तर उत्तर बदलतं का? थोडं बदलतं. महाग पावडर चौपट चांगली धूत नाही. रोजच्या घामाला आणि धुळीला बेताची पावडर पुरते. जड पाणी, जेवणाचे आणि रक्ताचे डाग, वर्षभर टिकवायचे कपडे, इथे महाग पावडर कामाला येते. आणि जिथे मशीन नाही, तिथे तिची खरी कमाई म्हणजे कमी घासावं लागणं.

हे तुम्ही घरीही तपासू शकता. जुन्या पांढऱ्या चादरीचे सारखे तुकडे करा. प्रत्येकावर चहा, तेल, वरण आणि हळद लावा. एक तुकडा नुसत्या पाण्यात, बाकीचे वेगवेगळ्या पावडरींत, पाणी, वजन आणि वेळ सारखी ठेवून. कोणता तुकडा कुठला हे माहीत नसलेल्या माणसाला निवड करायला सांगा. नुसत्या पाण्याचा तुकडा किती पुढे जातो हे पाहून चकित व्हाल. फक्त एक करा: सगळे तुकडे स्वतः घासा, मशीनमध्ये टाकू नका.

आता आमच्याकडे मशीन आहे. पावडरी मात्र अजून दोनच. महाग पावडर मशीनमध्ये जाते. स्वस्त पिशवी खाली बादलीजवळ असते, मशीनमध्ये न टाकायचे कपडे धुवायला येणाऱ्या मावशींसाठी. म्हणजे यंत्राला चांगली आणि हाताला स्वस्त! इतकी वर्षं हे आमच्या लक्षातच आलं नाही. परवा सामानाची यादी करताना मी मावशींना पहिल्यांदा विचारलं, “तुमच्यासाठी कोणती पावडर आणू?”

त्यांनी पदराला हात पुसले. “जी कमी झोंबेल ती आण, बाई.”

यादीत एकच पावडर लिहिली. वरच्या फळीवरची.