विष्णू गणेश पिंगळे : गदर उठावातील मराठी दुवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सशस्त्र क्रांतिकार्याचा विचार करताना वासुदेव बळवंत फडके यांचा १८७९ चा उठाव, चापेकर बंधूंनी १८९७ मध्ये पुण्यात केलेला रँडचा वध आणि अनंत कान्हेरे यांनी १९०९ मध्ये नाशिक येथे केलेला जॅक्सनचा वध या घटनांचा क्रम सर्वपरिचित आहे. या क्रमात विष्णू गणेश पिंगळे यांचे नाव सहसा येत नाही. त्यांची कर्मभूमी अमेरिका, बंगाल, काशी व पंजाब अशी प्रांताबाहेरची असल्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात ते उपेक्षित राहिले. पंजाबच्या इतिहासात मात्र ते कर्तारसिंग सराभा यांचे सहकारी म्हणूनच उल्लेखिले जातात. गदर उठावात परस्परांपासून दूर असलेल्या क्रांतिगटांना जोडणारा दुवा ही पिंगळे यांची स्वतंत्र भूमिका होती, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण व गदर पक्ष

पिंगळे यांचा जन्म १८८८ मध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथे झाला. वंगभंगानंतर स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीतील विचारांनी महाराष्ट्र ढवळून निघत असताना त्यांचे तारुण्य घडत होते. पुढे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. तेथील लाकूड गिरण्यांत व शेतांवर राबणाऱ्या हिंदी मजुरांमध्ये पंजाबी शीखांची संख्या मोठी होती आणि त्यांतील अनेकजण ब्रिटिश सैन्यात नोकरी केलेले होते. वर्णद्वेषाच्या अनुभवातून त्यांच्यात राजकीय जागृती झाली. १९१३ मध्ये सोहनसिंग भकना यांच्या अध्यक्षतेखाली संघटना स्थापन झाली, लाला हरदयाळ तिचे सरचिटणीस झाले आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' या पत्राचा पहिला अंक प्रसिद्ध झाला. पत्राच्या नावातच १८५७ चे स्मरण होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हेही या चळवळीत अग्रभागी होते.

बंगाल आणि पंजाब यांची सांगड

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच गदर पक्षाने आपल्या अनुयायांना स्वदेशी परतण्याचे आवाहन केले. पिंगळे १९१४ च्या अखेरीस सराभा यांच्यासह कलकत्त्यास आले. परतलेल्या गदरवाल्यांजवळ मनुष्यबळ व निष्ठा होती. परंतु देशातील गुप्त संघटनेचा अनुभव, बॉम्ब तयार करण्याचे तंत्र आणि सर्वमान्य नेतृत्व यांचा अभाव होता. बंगाली क्रांतिकारकांकडे नेमके हेच होते. पिंगळे यांनी काशी येथे रासबिहारी बोस व शचींद्रनाथ सान्याल यांच्याशी संपर्क साधला आणि डिसेंबर १९१४ मध्ये पंजाबात जाऊन बंगालच्या सहकार्याचे आश्वासन दिले. न्या. रौलट यांच्या समितीच्या १९१८ च्या अहवालातही याची नोंद आहे. त्यानंतर बोस पंजाबात आले व उठावाची सूत्रे त्यांच्या हाती गेली. भाषा, प्रांत व धर्म यांनी भिन्न असलेल्या या गटांत पिंगळे यांच्यावर सर्वांनी विश्वास टाकला, ही बाब लक्षणीय होय.

उठावाची योजना व मीरत

येथे पूर्वीच्या मराठी क्रांतिकारकांपेक्षा भिन्न मार्ग दिसतो. चापेकर व कान्हेरे यांचे लक्ष्य एकेक जुलमी अधिकारी होता. पिंगळे व त्यांचे सहकारी यांचे लक्ष्य ब्रिटिश सत्तेचा आधारस्तंभ असलेले हिंदी सैन्य होते. छावण्यांशी संधान बांधून २१ फेब्रुवारी १९१५ हा दिवस निश्चित करण्यात आला. कृपालसिंग या खबऱ्यामुळे बातमी फुटल्याचा संशय येताच तारीख १९ फेब्रुवारीवर आणली गेली. पण तीही सरकारला कळली. लाहोरमध्ये धरपकड झाली, संशयित पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. २३ व्या घोडदळातील १२ जवानांना पुढे फाशी देण्यात आली.

योजना कोसळल्यावर परदेशी निसटणे हा एक पर्याय होता. रासबिहारी बोस पुढे जपानला गेले. पिंगळे यांनी मात्र पुन्हा छावणीचीच वाट धरली. २३ मार्च १९१५ रोजी मीरत येथे १२ व्या घोडदळाच्या लाइनीत ते दहा बॉम्बसह पकडले गेले. हे बॉम्ब अर्धी पलटण नष्ट करण्यास पुरेसे होते, असा निष्कर्ष सरकारी अहवालात आढळतो. १८५७ चा वणवा जेथे पेटला त्याच मीरतमध्ये हे घडावे, हा योगायोग बोलका आहे. पिंगळे यांच्या दृष्टीने १९ फेब्रुवारीचे अपयश हे प्रयत्नांचा शेवट नव्हते, हे या कृतीवरून दिसते.

खटला व बलिदान

मार्च १९१५ मध्ये संमत झालेल्या भारत संरक्षण कायद्यानुसार तीन आयुक्तांच्या विशेष न्यायाधिकरणापुढे लाहोर कटाचा खटला चालला. या निकालावर अपिलाची सोय नव्हती. १३ सप्टेंबर १९१५ रोजी २४ जणांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी त्यांपैकी १७ जणांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. उरलेल्या सात जणांत सहा पंजाबी शीख व एक मराठी तरुण होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोर कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. सराभा १९ वर्षांचे, तर पिंगळे अवघे २७ वर्षांचे होते.

समारोप

गदर उठाव अयशस्वी झाला. गुप्ततेचा अभाव, खबऱ्यांचा शिरकाव आणि सामान्य जनतेत पाया नसणे ही त्याची प्रमुख कारणे होत. सैनिकांच्या पाठिंब्यावर सारी भिस्त असल्याने एका पलटणीतील फितुरीनेही संपूर्ण योजना धोक्यात येत असे. या मर्यादा मान्य करूनही पिंगळे यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. पुणे जिल्ह्यातील हा तरुण पंजाबी सहकाऱ्यांबरोबर आणि बंगाली नेतृत्वाखाली लढला व लाहोरात फासावर गेला. हुतात्म्यांची विभागणी प्रांतवार करणाऱ्या इतिहासलेखनात अशा व्यक्तींना जागा मिळत नाही. म्हणूनच पिंगळे यांचा अभ्यास केवळ एका उपेक्षित हुतात्म्याचे स्मरण न राहता, क्रांतिकार्याच्या प्रादेशिक मांडणीचा पुनर्विचार करण्यास भाग पाडतो.