तात्पुरते दुकान (पॉप-अप)

ठरावीक मुदतीसाठी, विक्रीइतकेच प्रसिद्धीसाठी थाटलेले दुकान. मांडून उठण्याची रीत जुनीच (पहा : आठवडी बाजार), प्रसिद्धितंत्र म्हणून वापर अलीकडचा. टार्गेट या अमेरिकी कंपनीने 2002 मध्ये न्यूयॉर्कला हडसन नदीतील बोटीवर, तर कॉम दे गार्सों या जपानी फॅशन कंपनीने 2004 मध्ये बर्लिनमध्ये असे दुकान मांडले. थोडी मुदत व अनपेक्षित जागा यांमुळे बातमी होते. ऑनलाइन बातमीतील दुवा शोधयंत्रात संकेतस्थळाचा क्रम वर नेण्यास मदत करतो (पहा : पेजरँक). क्रमवारीसाठी विकत घेतलेले दुवे मात्र गूगलच्या नियमांत बसत नाहीत. मुंबईतील महालक्ष्मी सरस प्रदर्शनातील बचत गटांचे गाळे अशा तात्पुरत्या दुकानांच्या जवळचे. पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी बाजारातले पाल संध्याकाळी उठते, पण त्यात नवल नसल्याने बातमी होत नाही.