कर्क, स्पॉक आणि झाडीचा प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानमालिकेत दोन पुरुष एकमेकांचे जिवलग असले, की चाहत्यांपैकी काही जण त्या जिवलगपणात प्रेम पाहतात. त्यावर कथा रचतात, एकेका दृश्याचा कीस पाडतात आणि आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडतात. दोन नावांमध्ये तिरपी रेघ मारून अशी जोडी लिहायची रीत पडली, म्हणून या प्रकाराला ‘स्लॅश’ म्हणतात. त्याबद्दल आपल्याकडच्या सुशिक्षितांचं एक ठरलेलं मत आहे. चंद्रपुरात ऐका नाहीतर पुण्यात, त्यात फरक पडत नाही. हे मत मला मान्य नाही. पण खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा.

पूर्वपक्ष असा. पहिला आक्षेप: लेखकाच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या पात्रांवर लादणं ही वाचकाची मनमानी आहे. दुसरा: हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्या मातीत, त्यातून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीसारख्या साध्याभोळ्या मुलखात, त्याला मूळ नाही. तिसरा: निखळ मैत्री नावाची सुंदर गोष्ट जगात असते, तिच्यात प्रेम शोधणारे ती नासवतात. यांतला पहिला आक्षेप साहित्यशास्त्रातला जुना प्रश्न आहे, दुसरा चुकीच्या माहितीवर उभा आहे आणि तिसऱ्यात तथ्य आहे.

आधी लेखकाच्या हेतूचं बघू. या साऱ्या प्रकाराचं मूळ पीठ म्हणजे ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका. ती ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली, १९६९ मध्ये बंद पडली आणि १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शननंही दाखवली. अंतराळयानाचा कप्तान कर्क आणि त्याचा दुय्यम अधिकारी स्पॉक ही तिच्यातली गाजलेली जोडगोळी. स्पॉकची आई पृथ्वीवरची, बाप व्हल्कन ग्रहावरचा; आणि भावना दाबून तर्कानं जगणं हा व्हल्कन लोकांचा धर्म. १५ सप्टेंबर १९६७ रोजी दाखवलेला ‘अमोक टाइम’ हा भाग थिओडोर स्टर्जन या नावाजलेल्या विज्ञानकथाकारानं लिहिलेला आहे. त्यात स्पॉकवर व्हल्कनांचा विणीचा काळ येतो. घरी जाऊन लग्न लागलं नाही तर मरणच. पण नियोजित वधू ऐन वेळी द्वंद्वाची अट घालते आणि आपल्या बाजूनं लढायला नेमकं कर्कला निवडते. झुंजीत कर्क मेला, असं स्पॉकला वाटतं. लग्न न करताच तो यानावर परततो, शिक्षेसाठी स्वतःला हवाली करायची भाषा करतो, आणि तेवढ्यात कर्क मागून समोर येतो.

या क्षणी स्पॉक काय करतो ते बघण्यासारखं आहे. तो कर्कचे दोन्ही दंड घट्ट धरतो, त्याला पहिल्या नावानं हाक मारतो आणि सगळा चेहरा उजळून हसतो. दुसऱ्याच क्षणी, डॉक्टर आणि परिचारिका पाहताहेत हे ध्यानात येऊन, तो पुन्हा निर्विकार होतो. वर खुलासाही करतो: कप्तानाला आपण मारलं असं वाटलं तेव्हाच त्या वधूबद्दलची ओढ संपली, वेडही उतरलं. हे कोण्या चाहत्यानं पदरचं घातलेलं नाही. लेखकानं लिहिलं, दिग्दर्शकानं बसवलं, नटानं केलं. त्याचा एक अर्थ गाढ मैत्री असा होतो, हे खरं. पण दुसरा अर्थ हवेतून आणलेला आहे, असं कुणी म्हणू नये.

पुढे १९७९ च्या चित्रपटात आजारी स्पॉक खाटेवर पडल्या पडल्या कर्कचा हात हातात घेतो आणि ही साधी भावना कथेतल्या महाकाय यंत्राला कधीच कळणार नाही, असं सांगतो. १९८२ च्या चित्रपटात तो काचेपलीकडे मरतो आणि दोघांचे तळवे काचेच्या दोन बाजूंना टेकतात. चाहत्यांनी मात्र एवढी वाट पाहिली नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या डायान मर्चंट यांची या जोडीवरची कथा १९७४ मध्येच चाहत्यांच्या एका छोट्या नियतकालिकात छापून आली होती. तिच्यात दोघांची नावंसुद्धा नव्हती. ही कुजबुज निर्मात्याच्या कानापर्यंत गेली. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९७९ च्या चित्रपटावरून जी कादंबरी लिहिली, तिच्या एका तळटीपेत हे दोघे प्रेमिक असल्याच्या वदंतेचा उल्लेख आहे. तिथे कर्क ती थट्टेवारी नाकारतो. निर्मात्यानं नकार छापला, पण त्यासाठी वदंताही स्वतःच छापली.

पुढच्या एका मालिकेत तर नटानंच साक्ष दिली. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये गॅरक हा शिंपी डॉक्टर बशीरला पहिल्यांदा भेटतो तेव्हा जाता जाता त्याच्या खांद्यांवर हात ठेवतो. हा गॅरक आपण डॉक्टरकडे ओढला गेलेला म्हणूनच रंगवला, असं अँड्र्यू रॉबिन्सन या नटानं नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. आता उलट साक्ष पाहा. मूळ मालिकेत सुलू या अधिकाऱ्याचं काम करणारे जॉर्ज टकेई स्वतः समलिंगी आहेत. २०१६ च्या चित्रपटात सुलूला नवरा दाखवला तेव्हा, रॉडनबेरींचा सुलू तसा नव्हता म्हणून, त्यांनीच नापसंती दर्शवली. म्हणजे कर्त्यांच्या साक्षी दोन्ही बाजूंना सापडतात. शेवटी निवाडा करायचा तो कृतीवरून.

हे शिकायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनानं ध्वनीचा सिद्धान्त मांडला. शब्दांत न आलेला अर्थ सहृदयाला जाणवतो, पण जाणवला म्हणून कुठलाही अर्थ चालत नाही. कोण, कुणाशी, कोणत्या प्रसंगी बोलतं आहे यावर तो टिकावा लागतो. स्लॅश वाचनाला हीच कसोटी लावावी. ‘अमोक टाइम’च्या शेवटावर ते उतरतं. दोन पात्रं नुसती एका खोलीत उभी आहेत एवढ्यावर रचलेलं वाचन उतरत नाही. मनमानीचा आरोप अशा दुसऱ्या वाचनावर करावा, सगळ्यांवर सरसकट नको.

हे लिहिणारं कोण, हेही पूर्वपक्ष विचारत नाही. सुरुवातीपासून या कथा लिहिणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. विज्ञानकथालेखिका जोआना रस यांनी १९८५ मध्ये या कथांची बाजू घेत निबंध लिहिला; पॅट्रिशिया लॅम आणि डायाना वीथ या अभ्यासकांनी पुढच्याच वर्षी, समान पातळीवरच्या दोन माणसांचं प्रेम हे या कथांचं खरं आकर्षण असल्याचं दाखवलं. त्या मालिकेतली बाई संदेशयंत्रापाशी बसलेली तरी असे, नाहीतर कर्कची एका भागापुरती नायिका तरी. एकमेकांसाठी जीव टाकणारी, एकमेकांचं ऐकणारी, बरोबरीची दोन माणसं पाहायची तर ती हे दोघेच होते. ज्याला विकृती म्हटलं जातं, त्याच्यामागे बरोबरीच्या संसाराची साधी भूक होती.

आता दुसरा आक्षेप, मातीचा. संत नामदेव-ज्ञानेश्वरांपासून तुकोबांपर्यंतच्या परंपरेत पुरुष कवी स्त्री होऊन विठ्ठलाकडे धाव घेतो. विरहिणी आणि गौळणी हे त्याचे मान्य प्रकार आहेत, आणि ते म्हणताना कुठल्याही टाळकऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही. संगीत नाटकाचं उदाहरण अधिक जवळचं आहे. १९२१ च्या जुलैत, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन पुरुष नायक-नायिका म्हणून समोरासमोर पाहायला लोकांनी भरमसाट दर मोजले. ही जोडी जुळावी, ही हौस प्रेक्षकांचीच होती.

आणि झाडी? चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की मंडई भरते, शंकरपट होतात आणि गावोगाव रात्रभराची नाटकं लागतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचं आगर. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवर हयात घालवली म्हणून. या नाटकाच्या आधीची दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं पाहा. तिथे बाईचं सोंग गावातला पुरुषच घेतो. सकाळी बांधावर भेटलेला माणूस रात्री लुगडं नेसून समोर येतो, लाजतो, रुसतो, आणि त्याच्या रुसण्यावर पेंडालातली बाया-माणसं जीव ओवाळतात. तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती कोण हेही ठाऊक असतं. दोन्ही जाणिवा एकाच वेळी सांभाळण्यात या प्रेक्षकाला कधीच अडचण आली नाही. त्याला साधाभोळा समजणाऱ्यांनी त्याच्याशेजारी बसून एक रात्र काढलेली नसावी.

इथे मात्र माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींना अडवलं पाहिजे. दंडारीतला पुरुष बाई होतो म्हणून दंडार हे समलिंगी प्रेमाचं नाट्य आहे, असा निष्कर्ष हल्ली काढला जातो. तो चूक आहे. दंडारीत देह दोन पुरुषांचे असतात, पण कथेतली जोडी बाई-पुरुषाचीच असते. स्लॅशमध्ये कथेतलीच माणसं दोन पुरुष असतात. बालगंधर्वांनाही हेच लागू. संकेत आणि वासना यांची गल्लत करून वारसा तयार होत नाही. झाडीच्या उदाहरणानं सिद्ध होतं ते इतकंच की, दिसतं त्याच्या पलीकडचं नातं ओळखणारी नजर इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. परकेपणाचा आक्षेप तेवढ्यानं कोसळतो. उघड समलिंगी पात्रं हवी असतील तर विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्येच मराठी रंगमंचावर आलं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची. ‘स्टार ट्रेक’ला आपल्या मालिकेत असं जोडपं उघडपणे ठेवायला २०१७ ची ‘डिस्कव्हरी’ यावी लागली.

उरला तिसरा आक्षेप, मैत्रीचा. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडात दोन माणसं विधिपूर्वक मितान, म्हणजे मानलेले मित्र, होतात, महाप्रसाद बदतात. मग जन्मभर ते नातं पाळतात, घरच्या सुखदुःखात सख्ख्यासारखे उभे राहतात. मैत्रीला लग्नासारखा विधी देणारी ही माणसं तिचं मोल ओळखून आहेत. प्रत्येक जिवलगपणामागे शेज शोधणारा चाहता हे मोल गमावतो, आणि तिथे पूर्वपक्षाचं बरोबर आहे. खऱ्या नटांच्या खासगी आयुष्यावर तर्क लढवणारे आणि दुसऱ्या वाचनाला शिव्या घालणारे चाहतेही आहेत; त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण गंमत अशी की, हाच आक्षेप घेणारे लोक नायक आणि नायिकेची नुसती नजरानजर झाली की लगेच प्रेम समजतात. तिथे निखळ मैत्रीचा कळवळा कुणाला येत नाही. कसोटी लावायची तर ती दोन्हीकडे सारखी लावा.

म्हणून माझा निर्णय असा. कर्क आणि स्पॉक हे प्रेमिकच आहेत, असं सिद्ध झालेलं नाही. ते प्रेमिक आहेत असं वाचणं कृतीच्या आधारावर उभं आहे, एवढं मात्र सिद्ध झालं आहे; आणि वाचकाला तेवढं पुरतं. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. ज्या प्रेमाला आता कायदाही गुन्हा मानत नाही, ते दोन काल्पनिक माणसांत पाहणाऱ्या पोरापोरींना संस्कृतीचा धाक घालू नये. त्यांचं वाचन खोडायचं असेल तर दृश्य समोर ठेवा आणि त्याचा अधिक पटणारा अर्थ सांगा.