तोफेच्या आवाजापासून टॉवर लोकेशनपर्यंत : देवळाली कॅम्प आणि ठावठिकाण्याचा इतिहास

डोळ्यांना न दिसणारी वस्तू नेमकी कुठे आहे, हे दुरून ठरवण्याची विद्या नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात अनेक दशके शिकवली जात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आजच्या पाकिस्तानातील काकूलहून इथे आले. छावणी त्याच्या कितीतरी आधीची. १८६० च्या दशकात रेल्वे नाशिक भागात पोहोचली आणि मुंबई बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या ब्रिटिश पलटणींसाठी इथे बराकी उभ्या राहिल्या. कोरड्या हवेसाठी पुढे पारशी, गुजराती कुटुंबांची सॅनेटोरियम झाली. तोफखाना आल्यावर मात्र गावाची ओळख बदलली. भगूरपासून आंबेबहुल्यापर्यंतच्या गावांना तोफांचा आवाज रोजचा झाला आणि बहुला किल्ल्याचा परिसर गोळीबाराच्या मैदानात गेला.

तोफ डागणे हे तोफखान्याचे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे डोंगराआड दडलेली शत्रूची तोफ हुडकणे. पहिल्या महायुद्धात हा प्रश्न तरुण पदार्थवैज्ञानिक लॉरेन्स ब्रॅग याच्याकडे आला. १९१५ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा तो ध्वनीवरून तोफ शोधण्याच्याच कामावर होता. पद्धत अशी : आघाडीच्या मागे ठरावीक अंतरांवर मायक्रोफोन ठेवायचे आणि तोफेचा आवाज प्रत्येकापर्यंत केव्हा पोहोचला, ते फिरत्या फिल्मवर नोंदवायचे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक हा जवळपास साडेतीन मीटरचा फरक. दोन मायक्रोफोनमधल्या वेळेच्या फरकावरून नकाशावर एक वक्ररेषा मिळते. तिसऱ्या मायक्रोफोनमुळे दुसरी मिळते. दोन्ही जिथे छेदतात तिथे तोफ. गोळ्याचा कर्कश आवाज तोफेच्या खोल गडगडाटाला झाकून टाकत असे. विल्यम टकर याच्या तापलेल्या तारेच्या मायक्रोफोनने १९१६ मध्ये ती अडचण सोडवली.

मात्र छेदबिंदू मिळाला की काम संपत नसे. वारा आवाजाला ढकलतो आणि उन्हाने तापलेल्या हवेत त्याचा वेग वाढतो, म्हणून हवामानाचे आकडे घेऊन उत्तर सुधारावे लागे. ‘तोफ इथे आहे’ या विधानाला ‘इतक्या मीटरच्या आत’ ही जोड दिली नाही, तर ते विधान उपयोगाचे नाही, ही शिस्त तोफखान्याने पहिल्यापासून पाळली. चूक झाली तर आपलेच गोळे वाया जाणार होते. न्यायालयात ‘लोकेशन’ हा शब्द आला तेव्हा ही जोड बराच काळ मागे राहिली.

मोबाईलचे गणित याच घराण्यातले आहे. आवाजाच्या जागी रेडिओ लहरी आल्या. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, त्यामुळे मोजमाप फार बारीक लागते. जीएसएम पद्धतीत फोन टॉवरपासून जितका लांब, तितका त्याला संदेश थोडा लवकर पाठवायला सांगितले जाते, म्हणजे सगळ्यांचे संदेश आपापल्या वेळेवर पोहोचतात. या आगाऊ वेळेच्या ० ते ६३ अशा पायऱ्या असतात. एक पायरी सुमारे ५५० मीटरची आणि सगळ्या मिळून साधारण ३५ किलोमीटर. नेटवर्क चालावे म्हणून केलेल्या या हिशेबातून अंतराचा अंदाज आपोआप मिळतो. जीपीएसमध्ये हेच काम उपग्रहांची घड्याळे करतात आणि तिथे एका नॅनोसेकंदाची किंमत ३० सेंटीमीटर असते. अमेरिकेने २ मे २००० रोजी नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. त्यानंतर काही मीटरांपर्यंतची अचूकता सामान्य माणसाच्या हातात आली.

पोलिसांच्या कागदांत मात्र बहुतेक वेळा यांपैकी काहीच नसते. तिथे येतो तो सीडीआर, म्हणजे कंपनीच्या हिशेबासाठी ठेवलेली कॉलची नोंद. कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकाला, केव्हा आणि किती वेळ बोलणे झाले, हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, कोणता आणि फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या बाजूला जोडलेला होता, एवढेच त्यात लिहिलेले असते. टॉवरचे क्षेत्र सहसा तीन पाकळ्यांत वाटलेले असते, प्रत्येक पाकळी १२० अंशांची. शहरात ती काहीशे मीटरची, उघड्या माळावर काही किलोमीटरची. भगूरच्या बाजारातला फोन कॅम्पाच्या हद्दीतल्या टॉवरला जोडलेला असू शकतो. जवळच्या टॉवरवर गर्दी असेल किंवा मध्ये चढ असेल, तर तो लांबचाही टॉवर धरतो. म्हणून टॉवर लोकेशन हे क्षेत्र असते, बिंदू नव्हे, आणि फोन कुणाच्या खिशात होता हे तर ते मुळीच सांगत नाही.

अशा नोंदी न्यायालयाने मानाव्यात की नाही, या वादातले दोन महत्त्वाचे खटले मुंबईतले, तेही टेपरेकॉर्डरच्या काळातले. लाच देऊ करणाऱ्या नगरी नावाच्या माणसाच्या खटल्यात पोलिसांनी बोलणे लपवलेल्या टेपरेकॉर्डरने टिपले होते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ध्वनिमुद्रण मानले, पण टेपला सील केलेले नव्हते याची नोंद घेतली : सील नसेल तर मधल्या काळात छेडछाड झाल्याची शंका येणारच. दुसरा खटला मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, मलकानी यांचा. १९६४ मध्ये एका डॉक्टरच्या टेलिफोनला, त्याच्या संमतीने, यंत्र जोडून लाचेचे बोलणे टिपले गेले. १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी झालेल्या ध्वनिमुद्रणाची तुलना घटनेच्या छायाचित्राशी केली आणि पुरावा मिळवण्याच्या पद्धतीत दोष असला तरी तेवढ्यावरून तो बाद होत नाही, असे ठरवले. तपास यंत्रणा आजही त्या निकालाचा आधार घेतात.

देशातले पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ चे. सहा वर्षांनी संसदेवर हल्ला झाला आणि त्या खटल्यात मोबाईलच्या नोंदी बारकाईने तपासल्या गेल्या. हँडसेटवरचा आणि कॉलच्या नोंदीतला आयएमईआय शेवटच्या अंकात जुळत नव्हता. बचावपक्षाने त्यावर बोट ठेवले. उत्तर असे निघाले की पंधरापैकी चौदा अंकच ओळख सांगतात, शेवटचा पडताळणीचा असतो आणि प्रसारित होताना तो शून्य म्हणून जातो. २००५ च्या निकालाने त्या नोंदी मान्य केल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात यंत्रांचा पुरावा आणखी पुढे गेला. ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेवर उपग्रह फोन आणि जीपीएस यंत्र सापडले आणि जीपीएसमधल्या नोंदींवरून कराची ते मुंबई हा सागरी मार्ग उलगडला. हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांचे इंटरनेटमार्गे चाललेले बोलणे चालू असतानाच टिपले जात होते. साक्षीदार नसलेल्या समुद्रावरचा प्रवास एका लहानशा यंत्राने सांगितला, हे तपासाच्या इतिहासातले मोठे वळण आहे.

देवळालीसारख्या ठिकाणी याची दुसरी बाजूही आहे : यंत्र जे टिपते, तेच गुपित असू शकते. छावणीच्या भिंतींवर फोटो काढण्यास मनाई करणाऱ्या पाट्या असतात. त्यांच्यामागचा शासकीय गुपिते कायदा १९२३ चा, कॅमेरा ही मोजक्यांची वस्तू होती त्या काळचा. नकाशांवरही अशीच बंधने होती. १५ फेब्रुवारी २०२१ च्या धोरणाने ती भारतीय संस्थांसाठी बरीच सैल झाली. त्याआधीच उपग्रहचित्रे प्रत्येक फोनवर आली होती.

२०१७ मध्ये कॅम्पातच या गुपिते कायद्याची दुःखद कसोटी लागली. जवानांना अधिकाऱ्यांच्या घरची कामे करावी लागतात, असे दाखवणारी चित्रफीत एका पत्रकाराने छुप्या कॅमेऱ्याने केली. ती फेब्रुवारीत प्रसिद्ध झाल्यावर तिच्यात बोललेला एक जवान बेपत्ता झाला आणि मार्चच्या सुरुवातीला वापरात नसलेल्या बराकीत त्याचा मृतदेह आढळला. पत्रकारावर आणि एका माजी सैनिकावर शासकीय गुपिते कायदा व आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या कलमांखाली देवळाली कॅम्प पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला; एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कॅमेरा मनाई असलेल्या हद्दीत गेला म्हणजे त्यातली प्रत्येक गोष्ट गुपित ठरत नाही, आणि चित्रफितीत दिसणाऱ्या माणसाचे संरक्षण हा कायद्याच्या कलमांपलीकडचा प्रश्न आहे, या दोन्ही गोष्टी त्या प्रकरणातून दिसतात. दुसरी गोष्ट अधिक वजनाची आहे.

ऑक्टोबर २०२० मधले प्रकरण थेट मोबाईलचे. लष्करी रुग्णालयाच्या परिसराचे फोटो काढून ते पाकिस्तानातील व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवल्याच्या आरोपावरून कॅम्पात एका तरुण मजुराला अटक झाली. त्याच महिन्यात विमानांची माहिती परदेशी हस्तकांना दिल्याच्या आरोपावरून राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नाशिकमधील विमान कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला पकडले आणि हँडसेट, सिमकार्डे व मेमरी कार्डे न्यायवैद्यक तपासणीला पाठवली. अशा प्रकरणांत फोन चार ठिकाणी बोलतो. सिमकार्डात ग्राहकाची ओळख असते. हँडसेटच्या स्मृतीत संदेशांच्या फाइली असतात. कंपनीकडे सीडीआर असतो. आणि ॲप चालवणाऱ्यांच्या सर्व्हरवर खात्याचा तपशील असतो. फोटोच्या मूळ फाइलमध्ये तारीख, फोनचे मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की हा तपशील गळून पडतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतो. त्यामुळे पाठवलेल्या प्रतीपेक्षा पाठवणाऱ्याच्या फोनमधले मूळ अधिक बोलके असते.

पुसलेला मजकूर परत मिळतो ही समजूत जुन्या फोनच्या काळातली, आणि ती अर्धीच खरी. संदेश पुसला की फोन आधी फक्त त्याची नोंद काढतो, मजकूर काही काळ तिथेच राहतो. पण आजच्या फोनमध्ये स्मृतीचे तुकडे सतत नव्याने लिहिले जातात आणि प्रत्येक फाइल कुलूपबंद असते, त्यामुळे ती संधी आटत चालली आहे. जप्त केलेला फोन चालू राहिला तर दूरवरून रिकामा करता येतो. म्हणून तो रेडिओ लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवतात, त्याची हुबेहूब प्रत काढतात आणि त्या प्रतीवरच काम करतात. प्रतीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने मिळणारा आकडा, काढलेले असते. मजकुरातले एक अक्षर जरी बदलले तरी ते मूल्य पूर्ण बदलते. १९६७ च्या त्या टेपला नसलेले लाखेचे सील ते हेच.

यंत्रातल्या पुराव्याला कागदाची, म्हणजे प्रमाणपत्राची, जोड हवी, हा नियम २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात कलम ६५-ब म्हणून घातला. संसद हल्ल्याच्या निकालाने तो सैल केला, २०१४ च्या निकालाने पुन्हा आवळला, २०१८ मध्ये तो परत ढिला झाला. शेवटचा शब्द जालन्यातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, असा त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि त्याचा पुरावा होता निवडणूक कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. अधिकारी प्रमाणपत्र द्यायला तयार नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे; मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर त्याला त्याची झळ बसू नये. तपासात मागितलेले सीडीआर मोबाईल कंपन्यांनी वेगळे आणि सुरक्षित ठेवावेत, असेही त्या निकालात सांगितले आहे. त्यामागे व्यवहारातली अडचण होती. खटले वर्षानुवर्षे चालतात, नोंदी ठेवण्याची मुदत तेव्हा एका वर्षाची होती. डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन वर्षांची झाली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता दोन भाग असतात, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश मूल्य लिहावे लागते. सोबतच्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण, शक्यतो मोबाईलवरच, सक्तीचे केले. दोन पंचांच्या सह्यांवर चालणारा पंचनामा त्यामुळे स्वतःच डिजिटल पुरावा झाला आहे.

नोंदींचा व्याप वाढला तशी त्यांना मर्यादाही आखली गेली. खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल ऑगस्ट २०१७ चा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका तपासातले फोन टॅप करण्याचे आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीच दाखवता आले नव्हते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जामिनावरच्या आरोपीला आपले गूगल मॅपवरचे ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दाखवायला लावता येणार नाही. सैन्याची काळजी उलट दिशेची. जानेवारी २०१८ मध्ये धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या जागतिक नकाशावर जगभरातल्या लष्करी तळांचे रस्ते उजळलेले दिसले. जुलै २०२० मध्ये भारतीय लष्कराने जवानांना ८९ ॲप फोनमधून काढून टाकायला सांगितले.

अलीकडचा वाद कुलपाचा आहे. गूगलने ठिकाणांचा इतिहास आपल्या सर्व्हरऐवजी फोनमध्येच ठेवण्याचा निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला, त्यामुळे तपासाला प्रत्यक्ष हँडसेट उघडणे अधिक गरजेचे झाले. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, हे संविधानाचे कलम २०(३). बोटांचे ठसे घेणे म्हणजे साक्ष नव्हे, असे अकरा न्यायमूर्तींनी १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात ठरवले. पासवर्ड मात्र मनात असतो. तो मागणे साक्षीच्या सक्तीत मोडत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालय २०२१ मध्ये म्हणाले. दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये पासवर्ड सांगण्याची सक्ती नाकारली, बोट लावून फोन उघडण्याला मात्र मुभा दिली.