जल्प, वितंडा आणि ‘लाव रे तो व्हिडिओ’

मोबाइलवरच्या प्रचाराबद्दल बोलायचं, तर आम्ही सुरुवात न्यायशास्त्रापासून करणार. हसू नका. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी बोलणं हा वाद. जिंकण्यासाठी बोलणं हा जल्प. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडून काढणं ही वितंडा.

आता 2014 ची विधानसभा आठवा. ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ ही भाजपची जाहिरात. वाक्य प्रश्नाचं, पण उत्तर कुणालाच नको होतं. ‘माझा’ या एका शब्दानं ऐकणारा स्वतःच तक्रारदार झाला. हा जल्प, आणि मोठा कसबी.

2019 च्या लोकसभेला मनसेचा एकही उमेदवार नव्हता, तरी राज ठाकरे सभा घेत होते. ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणायचं आणि सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणं, जाहिराती पडद्यावर दाखवायच्या. मेळघाटातल्या हरिसालच्या जाहिरातीत दिसलेला तरुण तर त्यांनी सोलापूरच्या सभेत व्यासपीठावरच उभा केला. काटेकोर अर्थानं ही वितंडा. शिवी म्हणून म्हणत नाही. खंडन होतं, पण निवडून द्यायला स्वतःचा पक्षच रिंगणात नव्हता! पुढे भाजपच्या आशिष शेलारांनीही मुंबईत चित्रफिती लावूनच उत्तर दिलं.

निकाल? 48 पैकी 41 जागा भाजप-शिवसेना युतीला. आपल्या भंडारा-गोंदियात तर 11 एप्रिललाच मतदान उरकलं होतं. तो तरुण व्यासपीठावर आला त्यानंतर. टाळ्या मिळणं वेगळं आणि मत फिरणं वेगळं, एवढं तरी यातून दिसतं.

पण आमची काळजी दुसरीच आहे. चित्रफीत आपल्याला प्रत्यक्ष प्रमाण वाटते. डोळ्यांनी पाहिलं ना! खरं तर कुणीतरी निवडलेलं, कापलेलं तेवढंच आपण पाहतो. शब्द बोलणाऱ्याचेच ठेवून अर्थ भलताच लावणं, याला नैयायिक छल म्हणतात. जुन्या वादसभेत तो पकडायला मध्यस्थ असे. मैदानावरच्या सभेत निदान शेजारचा माणूस कुजबुजतो, ‘हे काही खरं नाही बुवा.’ हातातल्या मोबाइलसमोर आपण एकटेच.

म्हणून घरी नातवंडं चित्रफीत दाखवतात तेव्हा आम्ही दोनच गोष्टी विचारतो: याच्या आधी तो माणूस काय म्हणाला होता? आणि नंतर? कधी कधी पोरं वैतागतात. कधी कधी मात्र अख्खं भाषण शोधून आणतात. मग घरात वाद सुरू होतो. न्यायसूत्रांतला, खरा वाद.